शब्दाचे हवामान : झरीना यांची मुद्राचित्रे

स्थलांतरित कलावंताविषयी लिहिताना समीक्षा बहुधा दोन सोप्या वाटांनी जाते. एक वाट चरित्राची : देश सुटला, म्हणून कलेत गतकातरता आली. दुसरी रूपाची : रेषा, चौकोन आणि रिकामा अवकाश यांचा हिशेब मांडला की आशयाचा प्रश्न मिटला. झरीना हाश्मी (१९३७–२०२०) यांच्या मुद्राचित्रांपुढे दोन्ही वाटा अपुऱ्या ठरतात; कारण या चित्रांत घर हे दृश्याआधी शब्दात वसलेले असते.

झरीना यांचा जन्म अलीगढचा. तेथेच गणिताची पदवी, पॅरिसला हेटर यांच्या कार्यशाळेत मुद्रणाचे शिक्षण, १९७०च्या दशकापासून न्यूयॉर्क आणि अखेर लंडनमध्ये मृत्यू. दरम्यान १९५९ मध्ये त्यांचे आईवडील कराचीस गेले. त्यामुळे जिथे परतावे असे घरच मागे उरले नाही; ही गतकातरतेहून वेगळी अवस्था आहे.

‘होम इज अ फॉरिन प्लेस’ (१९९९) ही ३६ काष्ठमुद्रांची मालिका या अवस्थेतून येते. झरीना यांनी आधी उर्दू शब्दांची यादी केली. प्रतिमा नंतर आल्या. उंबरठा, अंगण, भिंत, दुपार, उष्ण वारा, सुगंध, अंतर, सीमा, भाषा. एकेका शब्दासमोर मोजक्या रेषांची एकेक आकृती. येथे माणसांचे चेहरे नाहीत. घर म्हणजे एक पर्यावरण आहे आणि ते भाषेने धरून ठेवले आहे. उत्तर भारतातील उन्हाळ्याच्या वाऱ्याला ‘लू’ हे स्वतःचे नाव आहे. न्यूयॉर्कमध्येही वारा वाहतो. त्याला ते नाव लागत नाही. स्थलांतर म्हणजे शब्द आणि त्याचे हवामान यांची ताटातूट, असा या मालिकेचा अन्वय लावता येतो. नस्तालिक लिपी न वाचता येणाऱ्या प्रेक्षकाला तर शब्दही केवळ रेषाकृती दिसतो. शीर्षकातील परकेपणा असा त्याच्याही वाट्याला येतो.

‘डिव्हायडिंग लाइन’ (२००१) मध्ये भारत-पाकिस्तान सीमेची काळी, वेडीवाकडी रेषा आहे. काष्ठमुद्रणात काळी रेषा उमटवायची तर तिच्या दोन्ही बाजूंचे लाकूड कोरून काढावे लागते. सीमा उभी राहते ती दोन्हीकडची भूमी खरवडून. येथे माध्यमाची प्रक्रिया हाच आशय होतो. वेगळ्या प्रतीकाची गरज पडत नाही.

मात्र २००३ च्या नऊ शहरांच्या मालिकेविषयी शंका घेतली पाहिजे. सारायेव्हो, बगदाद, अहमदाबाद, न्यूयॉर्क : भिन्न इतिहासांचे विध्वंस एकाच काळ्या-पांढऱ्या परिभाषेत शेजारी बसतात. नकाशा ही वरून पाहणाऱ्याची दृष्टी आहे. बाँब टाकणाराही तिथूनच पाहतो. अंगणातील दुपार शरीराने जाणलेली होती, ही शहरे दुरून पाहिलेली आहेत. त्यामुळे सहानुभूती व्यापक होते, पण अनुभवाची विशिष्टता विरळ होते.

ही मर्यादा मान्य करूनही झरीना यांनी समीक्षेपुढे ठेवलेला प्रश्न मोलाचा आहे. विस्थापनाचे साहित्य वाचताना ‘काय हरवले’ याची यादी आपण नेहमीच करतो. कोणत्या शब्दांखालची जमीन सरकली, कोणता शब्द उच्चारता येतो पण अनुभवता येत नाही, हे मात्र क्वचित विचारतो. मराठीतील विस्थापनाच्या संहितांचे वाचनही या प्रश्नापासून सुरू व्हावयास हवे.