आईचा भरवसा, मुलींची अडखळ

उदाहरण आपल्या वर्ध्याचंच घेऊ. गीता मराठीत तूच का करत नाहीस, असं आईनं विनोबांना विचारलं. ती १९१८ मध्ये गेली. ‘गीताई’ लिहायला घेतली १९३० मध्ये. छापण्याआधी त्यांनी ती आश्रमातल्या लहान मुलींना शिकवली. त्या जिथे अडखळल्या, तिथे शब्द बदलले.

तरुणपणी हेच विनोबा कविता लिहून अग्नीत टाकत. त्यात अनासक्ती आहे खरी; पण जाळलेलं सुधारता येत नाही. आम्हाला दुरुस्तीच अधिक अवघड वाटते. ओळीला हात लावू न देणं हा आत्मविश्वास नव्हे, ती भीती. ओळ बदलली तरी आपण उरतो, हा खरा भरवसा.

गोपुरीच्या गीताई मंदिरात आज ते श्लोक दगडावर आहेत. आधी मात्र ते मुलींच्या जिभेवर तपासले गेले.