स्त्रीबीज-संग्रहण : निवड की तडजोड?

प्रस्तावना

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून स्त्रीचा स्वतःच्या देहावरील अधिकार निर्भीडपणे मांडला. नको असलेले मातृत्व कसे टाळावे, हा त्या काळचा प्रश्न होता. हवे असलेले मातृत्व लांबणीवर कसे टाकावे, हा आजचा प्रश्न आहे. स्त्रीबीजे गोठवून ठेवण्याच्या तंत्राने त्याचे उत्तर दिले असून त्यामुळे स्त्री स्वतंत्र झाली, असे सांगितले जाते. या दाव्याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तंत्र आणि त्याच्या मर्यादा

स्त्रीबीजात पाण्याचे प्रमाण अधिक असल्याने ते सावकाश गोठवल्यास बर्फाचे स्फटिक तयार होऊन पेशीस इजा पोहोचते. ‘व्हिट्रिफिकेशन’ या अतिजलद पद्धतीने ही अडचण बरीच दूर झाली. २०१२ मध्ये अमेरिकन सोसायटी फॉर रिप्रॉडक्टिव्ह मेडिसिन या संस्थेने या तंत्रावरील ‘प्रायोगिक’ हा शिक्का काढला. कर्करोगाच्या उपचारांना सामोऱ्या जाणाऱ्या तरुणींसाठी ते वरदानच होय. तथापि, उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानात बीजाचे वय थांबते, स्त्रीचे नव्हे. उशिराच्या गर्भारपणातील रक्तदाब, मधुमेह यांचे धोके कायम राहतात. शिवाय गोठवलेल्या प्रत्येक बीजापासून अपत्यप्राप्ती होतेच असे नाही.

सामाजिक अन्वयार्थ

फेसबुक व अ‍ॅपल या कंपन्यांचे कर्मचारी स्त्रियांच्या बीजसंग्रहणाचा खर्च उचलण्याचे धोरण २०१४ मध्ये जाहीर झाले. वरकरणी उदार वाटणाऱ्या या धोरणामागील गृहीतक असे, की वेळापत्रक बदलायचे ते स्त्रीच्या देहाचे, कामाच्या ठिकाणाचे नव्हे. हे गृहीतक आपल्यालाही परके नाही. नेट-सेट, पीएच.डी. आणि तासिका तत्त्वावरील अनिश्चित नेमणुका यांत कितीतरी अध्यापिकांची तिशी सरते. भारतात २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने एकट्या स्त्रीलाही, वयाच्या मर्यादेत, या सेवा खुल्या केल्या, हे स्वागतार्हच आहे. २०१७ च्या कायदादुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची प्रसूती रजा आणि ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघराची तरतूद केली. परंतु ज्या अध्यापिकेचे मानधनच घेतलेल्या तासांवर मोजले जाते, तिच्या पदरात यातले किती पडते, हे आपण सारे जाणतो.

समारोप

आक्षेप तंत्रावर नाही. सामाजिक प्रश्नाचे उत्तर केवळ वैद्यकात शोधण्यावर आहे. वेळेवर आई झाल्याने नोकरी जाणार नसेल, तरच उशिरा आई होणे ही स्त्रीची निवड ठरते. एरवी ती तडजोडच होय.