‘पेर उबू’ : प्रभाव की माध्यमांतर?

अमेरिकेतील क्लीव्हलंड या औद्योगिक शहरात ‘रॉकेट फ्रॉम द टूम्ब्ज’च्या विघटनातून १९७५ साली ‘पेर उबू’ हा आर्ट पंक वाद्यवृंद उभा राहिला. आल्फ्रेद जारी यांच्या ‘उबू र्‍वा’ (१८९६) या फ्रेंच नाटकातील नायकाचे नाव त्याने स्वीकारले. मात्र नाव घेतले एवढ्यावरून प्रभाव सिद्ध होत नाही. नावाबरोबर काय आले, हे तपासावे लागते. उबूची खादाड, क्रूर राजसत्ता हा या गीतांचा आशय नव्हे. स्वीकार झालेला दिसतो तो जारींच्या रंगतंत्राचा. वास्तवदर्शी नेपथ्य नाकारून जारींनी स्थळाची सूचना फलकावर सोपवली आणि नायकासाठी मुखवटा व कृत्रिम आवाज सुचवला. ‘द मॉडर्न डान्स’ (१९७८) या पहिल्या अल्बममध्ये ॲलन रेव्हनस्टाइन यांचा सिंथेसायझर असाच फलक ठरतो. पहिल्या गीताच्या आरंभीचा त्याचा कानाला टोचणारा दीर्घ स्वर सुरावट घडवत नाही. तो कारखान्यांच्या शहराचे स्थळ सूचित करतो. डेव्हिड थॉमस यांचा चिरका, तुटक गायनस्वर हा मुखवट्याचा आवाज होय. प्रभावाचा शोध पात्र व कथानक यांपुरता मर्यादित ठेवल्यास हे नाते नावापुरते उरते. तंत्राच्या पातळीवर पाहिल्यास ते रंगभूमीकडून ध्वनीकडे झालेले माध्यमांतर ठरते. तौलनिक अभ्यासाने ‘प्रभाव’ या संकल्पनेची व्याप्ती येथे नव्याने ठरवणे आवश्यक आहे.