यंत्र नवं, प्रश्न जुनाच



फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘छावा’ चित्रपट आला. त्याच्या सुरुवातीलाच बुऱ्हाणपूरवरची मराठ्यांची स्वारी आहे. ही स्वारी खरी, १६८१ च्या आरंभीची. पुढच्याच महिन्यात बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या शेतांत माणसं रात्री विजेऱ्या आणि मेटल डिटेक्टर घेऊन खणू लागली. मोगलांची सोन्याची नाणी निघताहेत, अशी हूल उठली होती. शेवटी पोलिसांना जावं लागलं.

आखाडा बाळापुरात बसून आपण त्यांना हसू नये. गुप्तधन हा शब्द आपल्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातलं की जमिनीतलं धन दिसतं, ही समजूत आपलीच. गुप्तधनाच्या नावाने होणारे अघोरी प्रकार थांबवायला महाराष्ट्राला २०१३ मध्ये कायदा करावा लागला.

मग पायाळूच्या जागी यंत्र आलं, म्हणजे आपण विज्ञानाकडे वळलो का? आम्हाला तसं वाटत नाही. यंत्र काय करतं, ते पाहू. त्याच्या वेटोळ्यातून वीज फिरते, चुंबकीय क्षेत्र तयार होतं, त्यामुळे खालच्या धातूत प्रवाह उठतो आणि यंत्र वाजतं. मोहरेला वाजतं तसंच नांगराच्या मोडक्या फाळालाही वाजतं. खापर, जळकं धान्य, चुलीची राख यांच्यापुढे मात्र ते मुकं असतं. साधन शास्त्रीय आहे, पण प्रश्न जुनाच राहिला: मला काय मिळेल? शास्त्राचा प्रश्न वेगळा असतो: ही वस्तू इथे, या थरात, कशाशेजारी पडली होती?

नाणं उपसलं की या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कायमचं जातं. नाणं उरतं, साक्ष जाते.

इंग्लंडमध्ये अशा शोधमोहिमा रीतसर भरतात. शेतमालकाची परवानगी घेऊन शेकडो हौशी लोक एका रानात उतरतात. तिथे १९९७ पासून सापडलेल्या वस्तूंची स्थळासह नोंद करणारी सरकारी योजना आहे आणि नोंदी दहा लाखांच्या पुढे गेल्या आहेत. म्हणजे हौस वाईट नाही. पण तिचं मोल नोंदीमुळे आहे. नोंद वगळा, की तीही लूटच.

आपल्याकडे १८७८ चा निखात निधी कायदा आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. सरकारने ते घेतलं नाही आणि कुणाचा हक्कही ठरला नाही, तर तीन हिस्से सापडणाऱ्याला, एक हिस्सा जमीनमालकाला. हे किती जणांना ठाऊक आहे? कर्जात रुतलेल्या शेतकऱ्याला हावरट म्हणून मोकळं होणं सोपं आहे. त्याला त्याचा हक्क सांगणं हे आपलं काम, आणि ते आपण केलेलं नाही.

शोध घ्यायचाच, तर तेरकडे पाहा. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आपल्याच गावात मिळणाऱ्या जुन्या वस्तू वर्षानुवर्षं जमवल्या. मातीच्या बाहुल्या, मणी, खापरं. सोन्याच्या भावात त्यांची किंमत काय? पण आज तिथलं शासकीय संग्रहालय त्यांच्या नावाने आहे आणि सातवाहनांच्या काळातलं तेर त्यातून कळतं.

आपल्या पूर्वजांनी जमिनीला दोन नावं दिली: पिकते ती काळी, माणूस वसतो ती पांढरी. माळवदावर टाकायला आपण जी पांढरी माती गावच्या टेकाडावरून उचलून आणली, तिच्यात कित्येक पिढ्यांच्या चुलींची राख आहे. तिथे यंत्र वाजणार नाही. तरी ती उकरण्याआधी दोनदा विचार करा, आणि फाळाला काही लागलंच, तर आधी जागेवर खूण करा.