कचऱ्याची गाडी आडवी येते तेव्हा

क्लोद लेलूश या फ्रेंच दिग्दर्शकाने १९७६ च्या ऑगस्टमध्ये एका पहाटे मोटारीच्या पुढे कॅमेरा बांधला आणि पॅरिस शहरातून ती मोटार बेफाम पळवली. एकच शॉट. कट नाही, संवाद नाही. साडेआठ मिनिटांच्या आसपासची फिल्म, नाव 'सेतेतं रांदेव्हू', मराठीत 'भेट ठरली होती' असं काहीतरी. पोर्त दोफिनच्या बोगद्यातून मोटार वर येते, फॉश ॲव्हेन्यू, शाँझेलिझे, काँकोर्द चौक, लूव्र, ऑपेरा, पिगाल असं करत माँमार्त्रच्या टेकडीवर साक्रे-कर चर्चसमोर थांबते. पायऱ्यांवरून एक सोनेरी केसांची बाई येते, मोटारवाला उतरून तिला मिठी मारतो. खलास.

या फिल्मचे भक्त दोन प्रकारचे. एक मोटारींचे शौकीन, ज्यांना इंजिनच्या आवाजावरून गाडीचं कूळ सांगता येतं. दुसरे जुन्या शहराचे शौकीन, ज्यांना तेव्हाची दुकानं, दिवे, पार्क केलेल्या गाड्या बघून हुरहूर लागते. पन्नास वर्षं होत आली, फिल्म आता चालताबोलता जुना फोटोच झाली आहे. दोघांचंही म्हणणं एकच, की पहाटेचं रिकामं पॅरिस काय सुंदर दिसतं!

रिकामं? मित्रांनो, आपला झगडा या एका शब्दाशी आहे.

आधी आवाजाचं बघू. पडद्यावर पळते ती लेलूशची स्वतःची मर्सिडीज, ४५० एसईएल ६.९. तिचं सस्पेन्शन मऊ, कॅमेरा हादरत नाही, म्हणून ती घेतली. आणि कानावर आदळतो तो आवाज फेरारी २७५ जीटीबीचा, मागाहून चिकटवलेला. मर्सिडीजला गिअर आपोआप पडतात, पण ऐकताना वाटतं कोणी पठ्ठ्या हाताने गिअर मारतोय. वरात एकाची, बँड दुसऱ्याचा. सिनेमात असं करतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण लेलूशला नेमका कुठला आवाज हवासा वाटला ते बघा. ही फेरारी १९६४ ते १९६८ या काळातली. तिच्या खास शर्यतीसाठी केलेल्या फक्त तीन गाड्या निघाल्या, आणि त्यातली एक ऑगस्ट २०१४ मध्ये कॅलिफोर्नियात लिलावात २ कोटी ६४ लाख डॉलरला गेली. पहाटे साडेपाचच्या शहरात जे आवाज खरोखर असतात, झाडूचा, डब्यांचा, पहिल्या बसचा, ते पुसून त्यावर हा आवाज चढवला आहे. शहर मुकं केलं आणि इंजिनाला गायला लावलं.

आता मूळ मुद्दा. या फिल्ममध्ये मोटार लाल सिग्नल तोडते, एकदिशा रस्त्यात उलटी घुसते, कबुतरं उडवते, पायी चालणाऱ्यांच्या अंगाजवळून सणकन जाते. आणि एके ठिकाणी मध्ये कचऱ्याची गाडी येते. तिला चुकवायला ही मोटार सरळ फूटपाथवर चढते, पुढे निघून जाते. क्षणभराचं काम. फिल्मवर भरभरून लिहिणाऱ्यांनी त्या गाडीला एकच नाव दिलंय: अडथळा.

पण त्या वेळी त्या रस्त्यावर खऱ्या अर्थाने कामावर कोण होतं? ऑगस्टात पॅरिसचा पैसेवाला माणूस समुद्रावर सुटीला जातो, म्हणून तर हा महिना निवडला. शहर रिकामं नव्हतं, शहराचे मालक बाहेर गेले होते. जे उरले ते झाडणारे, उचलणारे, धुणारे. त्या काळात पॅरिसच्या कचरा कामगारांत माली, सेनेगल, अल्जेरिया इथून आलेली माणसं पुष्कळ. जुलै १९७४ मध्ये फ्रान्सने परदेशी मजुरांना दार बंद केलं, आणि त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी राष्ट्राध्यक्ष जिस्कार देस्तँ यांनी काही कचरा कामगारांना एलिझे राजवाड्यात न्याहारीला बोलावलं. फोटो निघाले. असा उमाळा आपल्याला नवा नाही, वर्षातून एक दिवस हातात झाडू घेणारे पुढारी आपणही बघितलेत. तर न्याहारीनंतर दीडेक वर्षाने त्याच कामगारांच्या गाडीला वळसा घालून लेलूशची मोटार जाते. लूव्रच्या कमानीतून बाहेर पडताना पलीकडचं दिसत नाही म्हणून तिथे वॉकी-टॉकी देऊन एक सहायक उभा केला होता, ती वॉकी-टॉकी ऐनवेळी चाललीच नाही, असं पुढे लेलूशनेच सांगितलं. म्हणजे कमानीपलीकडे कोणी झाडत असता तर? रसिक मंडळींना हा किस्सा फार आवडतो. आम्हाला त्यात एका माणसाच्या जिवाची किंमत दिसते.

कोणी म्हणेल, ही शुद्ध गती आहे, इथे तुमचं समाजशास्त्र घुसडू नका. मग गती सोडू, थांबलेल्या चित्राकडे जाऊ.

त्याच पॅरिसात ओझेन आत्जे (१८५७–१९२७) नावाचा फोटोवाला होऊन गेला. जड लाकडी कॅमेरा, अठरा बाय चोवीस सेंटिमीटरच्या काचा पाठीवर घेऊन पायी हिंडायचा. त्याच्या आधी मार्व्हिलने नगरपालिकेच्या हुकुमावरून पाडापाडीत जाणाऱ्या गल्ल्यांचे चारशेहून अधिक फोटो काढले होते. त्यात माणूस जवळजवळ नाही, कारण काच इतका वेळ उघडी ठेवावी लागे की चालणारा माणूस तिच्यावर उमटतच नसे. यंत्राने माणूस पुसला. लेलूशकडे तेही निमित्त नाही.

आत्जेचेही रिकामे रस्तेच प्रसिद्ध. वाल्टर बेंजामिनने १९३१ मध्ये त्यांची तुलना गुन्ह्याच्या जागेशी केली आणि तेव्हापासून सगळे तेच घोकतात. पण आत्जेने चिंध्या-भंगार वेचणारेही टिपले. एक माणूस डोंगराएवढी बोचकी लादलेली हातगाडी ओढतोय आणि कॅमेऱ्यासमोर थांबलाय. थांबलाय, हे महत्त्वाचं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं असणार, काहीतरी बोलणं झालं असणार. १९१३ मध्ये आत्जेने 'झोनिए' नावाचा आख्खा अल्बम केला, शहराच्या तटाबाहेरच्या झोन नावाच्या पट्ट्यात खोपट्यांतून राहणाऱ्यांचा. ढीग, डबे, पोरं, दारात बसलेल्या बाया. लष्कराच्या नियमाने तिथे पक्कं बांधायला मनाई, म्हणून तिथे ज्यांना पक्कं घर परवडत नाही ते राहिले. गावकुसाबाहेर म्हणजे काय ते आपल्याला कोणी शिकवायला नको.

या लोकांचा धंदा कोणी मारला तेही ऐका. पुबेल नावाच्या प्रीफेक्टने १८८३ मध्ये हुकूम काढला की प्रत्येक घरमालकाने कचऱ्याला डबे ठेवावेत: एक कुजणाऱ्या कचऱ्याला, एक कागद-चिंध्यांना, एक काच, फुटकी भांडी नि कालवांच्या शिंपल्यांना. शहर स्वच्छ झालं. वेचणाऱ्यांनी ओरड केली, कारण रस्त्यावरचा ढीग हेच त्यांचं शेत. फ्रेंच भाषेत कचऱ्याच्या डब्याला आजही 'पुबेल' म्हणतात. हुकूम काढणाऱ्याचं नाव डब्यावर राहिलं, डब्यात हात घालणाऱ्याचं नाव आत्जेच्या फोटोखालीसुद्धा नाही. तिथे नुसता धंदा लिहिलाय, 'शिफोनिए', चिंध्यावाला. आत्जेवर माझा राग आहे तो इथे. तो थांबला, पण नाव विचारून लिहून ठेवलं नाही. ग्रंथालयांना, म्युझियमला विकायच्या फोटोवर चिंध्यावाल्याच्या नावाला भाव नव्हता.

आणि त्या झोनचं पुढे काय झालं? १९१९ पासून तट पाडायला घेतला, खोपटी उठवली, आणि त्या पट्ट्यात १९५८ ते १९७३ या काळात ३५ किलोमीटरचा मोटारींचा वर्तुळमार्ग बांधला. पेरिफेरिक. आता फिल्मची सुरुवात पुन्हा आठवा. लेलूशची मोटार ज्या बोगद्यातून वर येते तो याच पेरिफेरिकचा बोगदा. वेचणाऱ्यांना उठवून झालेल्या रस्त्यावरून मोटार सुटते आणि कचरा उचलणाऱ्यांना चुकवून प्रेयसीकडे पोचते. लेलूशला हे ठाऊक असण्याचं कारण नाही. टीकाकारांना असायला हवं होतं.

धुळीबद्दल एक सांगायचं राहिलं. पश्चिम फ्रान्समधल्या एका इस्टेटीत अनेक वर्षं पडून राहिलेल्या साठेक मोटारी सापडल्या, त्यांचा लिलाव ६ फेब्रुवारी २०१५ ला पॅरिसमध्ये झाला. त्यातली १९६१ ची फेरारी, नट आलँ दलाँची एके काळची, जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांखाली गाडली होती. तिला मुद्दाम धुतली नाही. धूळ तशीच ठेवून लोकांसमोर मांडली, आणि १ कोटी ६३ लाख युरोला गेली. रद्दीखालून निघालेली ती गाडी खजिना ठरली. रद्दी उपसणारा माणूस दारात आला तर त्याला मात्र आधी लांब उभा राहा म्हणतात.

पॅरिसचा कामगार आणि आपला सफाई कामगार एकच, असा भाबडा हिशेब मी मांडत नाही. तिथे वर्ण आहे, गरिबी आहे, परदेशीपण आहे. इथे जन्मापासून डोक्यावर ठेवलेली टोपली आहे. म्हणून आपल्याकडे सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे काढलेले फोटो मला आत्जेच्या पुढचे वाटतात. गटारात गळ्यापर्यंत उतरलेला माणूस तिथे कडेला नाही, चित्राच्या मध्यभागी आहे. 'जुनी मुंबई' म्हणून दिवाळीला वाटतात त्या कॅलेंडरांत ट्राम असते, व्हिक्टोरिया असते, चकचकीत धुतलेला रस्ता असतो. कोणी धुतला? कॅलेंडरवाला सांगत नाही.

मार्च २०२३ मध्ये पॅरिसच्या कचरा कामगारांनी निवृत्तीचं वय वाढवण्याच्या कायद्याविरुद्ध संप केला. शहरात सुमारे दहा हजार टन कचरा साचला. तेव्हा जगभरच्या फोटोवाल्यांना रस्ता रिकामा दिसला नाही.

आपल्या अभ्यासवर्गात लेलूशची ही फिल्म जरूर दाखवा. चांगली फिल्म आहे, अंगावर काटा येतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. एकदा आवाजासकट दाखवा. दुसऱ्यांदा आवाज बंद करा, दर दहा सेकंदांनी थांबवा आणि पोरांना माणसं मोजायला लावा. पायी जाणारी किती, काम करणारी किती. कचऱ्याच्या गाडीपाशी जरा जास्त वेळ थांबा.