साडेदहाला बंद होणारं दुकान

फुकेतच्या पातोंग किनाऱ्यामागच्या रस्त्यावरून संध्याकाळी चालायला लागलं की चार पावलं गेलो नाही तोच कुणीतरी मेन्यूकार्ड पुढे करतं. लॅमिनेट केलेलं, प्रत्येक पदार्थाचा फोटो असलेलं, इंग्रजी-रशियन-चिनी अशा तीन-चार लिप्यांतलं. पाड थाय, टॉम यम, हिरवी करी, आंबा घातलेला चिकट भात. मागच्या पानावर पिझ्झा आणि बटर चिकन. यात वाईट काही नाही, पोट भरतं. पण यात फुकेतचं असं काही नाही. पाड थाय तर पिबून सोंगख्राम पंतप्रधान असताना, दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे, सरकारनं हौसेनं देशभर पसरवलेला पदार्थ. हिरवी करी मध्य थायलंडच्या भातखाचरांकडची. म्हणजे माणूस विमानानं थेट दक्षिणेच्या बेटावर उतरतो आणि बँकॉकचं जेवून परत जातो.

अशा वेळी अनुभवी प्रवासी एक सल्ला हमखास देतात: जिथे स्थानिक माणसं जेवतात तिथे जेवा. सल्ला बरा आहे, पण अपुरा. पातोंगमधल्याच मागच्या गल्लीत रात्री अकरा-बाराला प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेली दुकानं असतात. हॉटेलात खोल्या आवरणाऱ्या मुली, मालिश करणाऱ्या बायका, पहारेकरी असे सगळे तिथे जेवत असतात. एकही परदेशी चेहरा दिसत नाही. ताटात काय? कच्च्या पपईची सोम ताम, भाजलेली कोंबडी, मुठीत वळून खायचा चिकट भात. ही मंडळी बरीचशी ईसानची, म्हणजे थायलंडच्या ईशान्येची. पोटासाठी इथे आलेली. जेवण अस्सल आणि झणझणीत, पण बेटापासून हजारभर किलोमीटर लांबच्या मातीतलं. गर्दीचे चेहरे पाहून दुकान ओळखायला जाल तर असे चकता. दुकान वाचायचं असेल तर घड्याळ पाहा आणि पातेली मोजा, असं माझं मत आहे.

आणि त्यासाठी किनाऱ्याकडे पाठ करून पूर्वेला, फुकेत टाउनला यायला हवं. हे गाव समुद्रस्नानासाठी वसलेलं नाही, कथिलासाठी वसलेलं आहे. एकोणिसाव्या शतकात कथिलाच्या खाणींवर चीनच्या फुजियान प्रांतातले होक्किएन मजूर आले, काही थेट, काही पेनांगमार्गे. इथल्या बायकांशी लग्नं झाली, त्या घरांना बाबा म्हणू लागले. थलांग रोड आणि दिबुक रोडवरची खाली दुकान-वर घर असलेली, कमानींची, रंगीत गिलाव्याची अरुंद-खोल घरं ही त्या कथिलाच्या पैशाची. 1985 साली जगभरात कथिलाचा भाव कोसळला. पुढच्याच वर्षी जूनमध्ये, कथिलाच्या मळीतून टँटॅलम काढणारा नवा कारखाना प्रदूषणाच्या भीतीनं लोकांनी जाळला. त्यानंतर बेटानं पर्यटनाचा रस्ता पक्का धरला. माणसं मात्र पूर्वीसारखीच गावात राहत होती, सकाळी गावातच न्याहारी करत होती. म्हणून चुली तिथेच राहिल्या.

त्या न्याहारीतलं एक दुकान जरा बारकाईनं पाहू.

खनोम चीनचं दुकान. साडेसहा-सातला उघडतं, साडेदहाच्या सुमाराला उरकतं. पुढच्या बाजूला टेबलावर ॲल्युमिनियमची पाच-सहा पातेली झाकण घालून ओळीनं ठेवलेली. बाजूला केळीचं पान घातलेल्या टोपलीत तांदळाच्या शेवयांच्या पांढऱ्याशुभ्र गुंडाळ्या, प्रत्येक मुठीएवढी, एकीवर एक कललेली. या शेवया म्हणजे आपल्या कोकणातल्या शिरवाळ्यांची सख्खी बहीणच. तांदळाचं पीठ, दाबून पाडायचं, वर नारळाचा रस. फरक दोन. इथे तांदूळ आधी काही दिवस आंबवतात, त्यामुळे शेवईला नाकाशी आल्यावरच कळावा इतका हलका आंबूस वास असतो. आणि रसात गूळ नसतो, मासा असतो.

बाई ताटलीत दोन-तीन गुंडाळ्या ठेवते आणि तुमच्याकडे पाहते. आता पातेलं तुम्ही दाखवायचं. पहिल्यात नाम या: मासा उकडून, कुटून, नारळाच्या दुधात विरघळवलेला, ताज्या हळदीनं पिवळाधमक. मासा दिसत नाही, फक्त रसाला एक जाडसर रवाळपणा येतो. दुसऱ्यात तोच प्रकार नारळाविना, पातळ आणि तिखट. तिसऱ्यात गोडसर नाम प्रिक, लहान पोरांसाठी आणि तिखटाला भिणाऱ्यांसाठी. चौथ्यात गेंग ताय प्ला. माशाच्या आतड्याचा खारवून मुरवलेला रस घातलेली ही काळपट आमटी नाकाला आधी धक्का देते आणि जिभेला मग पटवते. मी नेहमी नाम यावर तिचा एक डाव घालून घेतो. शेजारच्या टेबलावरचेही तसंच करताना दिसतात, त्यामुळे बाईला त्याचं नवल वाटत नाही.

पण या दुकानाचा खरा जीव पातेल्यांत नाही, टेबलावर आहे. बसायच्या आधीच तिथे एक थाळा मांडलेला असतो: काकडी, चवळीच्या शेंगा, मोडाचे मूग कच्चे आणि लोणच्यात मुरलेले, मोहरीच्या पाल्याचं आंबट लोणचं, तुळशीच्या जातीची सुवासिक पानं, अननसाच्या फोडी आणि काजूची कोवळी तांबूस पानं. काजूची पानं! सिंधुदुर्गात काजूच्या सावलीत वाढलेल्या किती जणांनी ती चावून पाहिली असतील? चव तुरट, थोडी आंबट, करकरीत. एक घास तिखट रसाचा, मग एक पान. तुरटपणा जिभेवरचं नारळाचं तेलकटपण पुसून काढतो आणि पुढच्या घासाला जीभ पुन्हा कोरी होते. हे सगळं फुकट, हवं तेवढं. उकडलेलं अंडं, केळीच्या पानातला वाफवलेला माशाचा होर मोक, कुरकुरीत तळलेली बारीक मासळी घेतलीत तर त्याचे वेगळे पैसे. तरी एकाची न्याहारी शंभर बाथच्या आत होते.

चमचा उजव्या हातात, काटा डाव्या. शेवया चमच्याच्या कडेनं तोडायच्या, पानं हातानं चुरून वर टाकायची. प्रत्येकाची ताटली वेगळी दिसू लागते, कारण शेवटचा हात खाणाऱ्याचाच असतो. स्वयंपाक करणारीनं मीठ-तिखटाचा निर्णय घेतला आहे, तो बदलून मिळणार नाही. कच्चं-आंबट-तुरट यांचा हिशेब तुमच्याकडे सोडला आहे. किनाऱ्यावर याच्या उलट चालतं. तिथे वेटर आधी विचारतो, तिखट चालेल का, किती चालेल, आणि उत्तर काहीही दिलंत तरी गोऱ्या पाहुण्याच्या मापानं बेतलेलं येतं. ताटलीच्या कडेला मग गाजराचं फूल असतं. पालेभाजीचा थाळा नसतोच.

साडेदहाला दुकान का मिटतं? हौसेनं नव्हे. नारळाच्या दुधातला मासा त्या उष्म्यात दुपारपर्यंत टिकत नाही, आंबवलेल्या शेवया तासागणिक आणखी आंबतात, आणि करणारी अंधार असल्यापासून उभी असते. पातेली रिकामी झाली की झाकणं उलटी पडतात. सोमवारी लवकर जावं लागतं, कारण त्या दिवशी खाकी गणवेशातले सरकारी कर्मचारी कचेरीच्या आधी येऊन नाम या संपवून टाकतात. जे दुकान सकाळी आठपासून रात्री अकरापर्यंत शंभर पदार्थ देतं, त्याच्याकडे फ्रीज मोठा आहे एवढंच मी त्यावरून वाचतो.

दुपारचं फुकेत वेगळं, आणि ते जास्त चिनी आहे. ‘मी होक्किएन’ म्हणजे पिवळ्या जाड नूडल्स, काळ्या सोयाच्या रश्शात मोठ्या आचेवर परतलेल्या, कोळंबी, डुकराचं मांस, पालेभाजी. सोबत कच्चा छोटा कांदा आणि चुरचुरीत डुकराची चरबी. सुरिन सर्कलच्या घड्याळाच्या मनोऱ्याजवळचं ‘मी तोन फो’ हे दुकान 1946 पासून हेच करतं आहे. इथे पाहायची गोष्ट एकच: नूडल्सनी रस्सा प्यायला आहे की रस्सा खाली तळ्यासारखा साचला आहे. पहिलं असेल तर कढई चांगली तापली होती. ओ ताव हा लहान कालवं, अरवीचे चौकोनी तुकडे आणि पिठाची लिबलिबीत जाळी असा प्रकार. मित्र त्यावर जीव टाकतात. मला त्याचा पोत अजून पचलेला नाही, त्याबद्दल वाद घालायला मी तयार आहे.

बाबा घरांचं खाणं मात्र दुकानात उशिरा आलं, कारण ते सणावाराचं, बायकांच्या हातचं. मू होंग घ्या. डुकराच्या पोटाकडचं मांस, लसूण, मिरी, कोथिंबिरीची मुळं, काळा सोया, साखर, आणि मंद आचेवर दोन-तीन तास. मसाला एवढाच. मिरची नाही, नारळ नाही. तिखटासाठी प्रसिद्ध असलेल्या दक्षिणेत हा पदार्थ मिरीवर भागवतो, यावरूनच तो कुठल्या घरातून आला ते कळतं. शेजारी गेंग पू येते: पिवळा नारळरस, त्यात खेकड्याचे सोललेले मोठे लगदे आणि विड्याच्या पानाच्या चुलत भावाची, चाफ्लूची, चिरलेली पानं. दिबुक रोडवरच्या राया या जुन्या घरातल्या रेस्टॉरंटमध्ये ती बारीक तांदळाच्या शेवयांबरोबर देतात. खेकडा सोललेला असल्यामुळे हात बरबटत नाहीत. मालवणी माणसाला हे थोडं बेइमानीचं वाटेल. पण रस पाहा. खेकड्याचा गोडवा हळद झाकत नाही, आणि पान शेवटी कडवट टोक देतं. भाताबरोबर कोळंबी काडीला टोचून निखाऱ्यावर सुकवून कुटलेली चटणी, नाम प्रिक कुंग सियाप, मागवा. ती असल्यावर मला बाकी काही नको असतं.

तर मग ‘अस्सल’ म्हणजे काय म्हणायचं? शेवया थाय, नूडल्स होक्किएन, सकाळी थलांग रोडवर मुसलमान कुटुंबाच्या दुकानात मिळणारी लुसलुशीत रोटी आणि रस्सा हिंदुस्थानातून समुद्रमार्गे आलेला. या बेटावर बाहेरून न आलेलं फारच थोडं आहे. 2015 साली युनेस्कोनं फुकेतला पाककलेचं शहर ठरवलं ते याच मिसळणीसाठी. थायलंडला हा मान तेव्हा पहिल्यांदा मिळाला. तेव्हा आलेलं कोण आणि मूळचं कोण, याची छाननी इथे कामाची नाही. चूल कुणासाठी पेटली आहे एवढं पाहावं. रोटीवाला सकाळच्या नमाजानंतर येणाऱ्या शेजाऱ्यासाठी तवा तापवतो, तुम्ही आपले मध्ये जाऊन बसता.

पाट्यांचंही एक वाचन असतं. थाय दुकानांच्या भिंतीवर वाडग्याचं चित्र असलेली जुनी पाटी दिसली तर ती चेल च्वान चिम या शिफारशीची. 1961 साली थानादसी स्वस्ती या खवय्या लेखकानं शेल या तेल कंपनीच्या साथीनं ती सुरू केली, आणि दोन पिढ्या थाय माणसं तिच्यावर विसंबून गाडी थांबवत आली. मिशलँचं लाल स्टिकर फुकेतला आलं 2018 च्या नोव्हेंबरात जाहीर झालेल्या आवृत्तीपासून. स्टिकर लागलं की रांग लागते, रांगेत सूटकेसा येतात. पदार्थ लगेच बिघडत नाही, पण नेहमीचं गिऱ्हाईक वेळ बदलतं किंवा पुढच्या चौकात जातं. ते कुठे गेलं हे शोधण्यात मला स्टिकरपेक्षा जास्त रस आहे.

शाकाहारी मराठी माणसाचा प्रश्न यात खरा अडतो. सहलींबरोबर आलेले पुष्कळ जण पातोंगमधल्या भारतीय हॉटेलातच सात दिवस काढतात, आणि त्यांना हसण्यात अर्थ नाही. इथल्या भाजीतसुद्धा माशाचं पाणी आणि कापी ही कोळंबीची आंबवलेली लगदी असते. ती काढायला सांगणं म्हणजे आमटीतून मीठ काढायला सांगण्यासारखंच. पण वर्षातले नऊ दिवस बेट स्वतःहून शाकाहारी होतं. चिनी नवव्या महिन्याच्या पहिल्या नऊ तिथींना ‘जे’ पाळतात: मांस-मासे-अंडी नाहीत, कांदा-लसूणही नाही. खाणमजुरांच्या करमणुकीसाठी काथूला आलेली चिनी नाटकमंडळी तापानं आजारी पडली आणि हे व्रत करून बरी झाली, अशी 1825 सालची कथा सांगतात. त्या काथू जिल्ह्यातच आजचं पातोंग येतं, फक्त मध्ये एक डोंगर आहे.

त्या दिवसांत गावभर लाल अक्षराची पिवळी निशाणं लागतात, पांढरे कपडे घातलेली माणसं रस्त्यावर असतात, देवळांसमोर गालांत सळ्या खुपसलेल्या भक्तांच्या मिरवणुका निघतात. त्या पाहायला परदेशी पाहुणे गर्दी करतात. खायला मात्र गावकरीच जास्त. टोफूचे, मश्रूमचे, सोयाचे पदार्थ, बिनमाशाची तांदळाच्या शेवयांवरची आमटी, तळलेली अरवी, सगळं हातगाड्यांवर, सगळं निशाणाखाली. निशाण दिसलं की विचारायची गरज नाही. अमावास्येनंतर सुरू होणारे हे नऊ दिवस बहुतेक वर्षी आपल्या शारदीय नवरात्रातच पडतात. नवरात्राचे उपास धरणाऱ्याला तांदूळ चालत नाही, एवढीच काय ती अडचण.