पुसलेले नाव आणि राहिलेले ऋण

रस्त्यांच्या नावांचे समीक्षण करण्याची आपल्याकडे प्रथा नाही. तरीही कॅनडातील विनिपेग शहराने अलीकडे बदललेली तीन नावे आपण एखाद्या कवितेइतक्या बारकाईने वाचावीत, असे आम्हांस वाटते. कारण त्यांतून पुसले गेलेले नाव आपल्याच ख्रिस्तसभेच्या एका बिशपांचे आहे.

शहराच्या दक्षिण भागातून जाणाऱ्या एका हमरस्त्यास बिशप ग्रँडिन यांचे नाव होते. व्हिताल ग्रँडिन (१८२९–१९०२) हे फ्रान्समध्ये जन्मलेले ओब्लेट मिशनरी. पश्चिम कॅनडाच्या हिमप्रदेशात त्यांनी आयुष्य वेचले आणि १९६६ साली परमपीठाने त्यांना संतपदाच्या वाटेवरील 'आदरणीय' ही पदवी दिली. तथापि आदिवासी मुलांना आईबापांपासून दूर ठेवून शिकविणाऱ्या निवासी शाळांचे ते आग्रही पुरस्कर्तेही होते. मार्च २०२३ मध्ये नगरपालिकेने या रस्त्याचे 'अबिनोजी मिकाना' असे नामांतर मंजूर केले. अनिशिनाबे लोकांच्या भाषेत याचा अर्थ 'मुलांची वाट'. त्याच नावाच्या पायवाटेस क्री भाषेतील तशाच अर्थाचे नाव मिळाले आणि ग्रँडिन मार्गास मेती लोकांच्या मिचिफ भाषेतील 'ताप्वेविन', म्हणजे 'सत्य', हे नाव दिले गेले.

एकोणिसाव्या शतकापासून १९९० च्या दशकापर्यंत सुमारे दीड लाख मुले या शाळांतून गेली. खर्च आणि कायदा सरकारचा. चालविणाऱ्या ख्रिस्ती मंडळ्या. त्यांत कॅथलिकांचा वाटा सर्वांत मोठा होता. मुलांचे केस कापले जात, मातृभाषा बोलल्यास शिक्षा होई आणि अनेकांच्या वाट्याला याहून घोर अत्याचार आले. न्यायमूर्ती मरी सिंक्लेअर यांच्या अध्यक्षतेखालील सत्य व सलोखा आयोगाने २०१५ साली अंतिम अहवाल व ९४ आवाहने देशापुढे ठेवली. आयोगाचे दप्तर जतन करणारे राष्ट्रीय केंद्र विनिपेगमध्येच, मॅनिटोबा विद्यापीठात आहे. तेथील स्मरणनोंदीत शाळांत मृत्यू पावलेल्या चार हजारांहून अधिक मुलांची नावे आहेत.

या पार्श्वभूमीवर नव्या नावांचे पहिले बलस्थान लक्षात येते. ज्या भाषा मुलांच्या तोंडून हिरावून घेतल्या, त्याच भाषा आता शहराच्या पाट्यांवर आल्या आहेत. गाडी हाकणारा, पत्ता विचारणारा, पत्र पोहोचविणारा, प्रत्येकाला ते अनोळखी शब्द उच्चारावे लागतात. ज्यांच्या पूर्वजांना गोव्यात १६८४ साली कोंकणी सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकण्याचा व्हाइसरॉयचा हुकूम ऐकावा लागला, त्यांना या गोष्टीचे मोल निराळे सांगावयास नको.

परंतु समीक्षकाने येथेच थांबू नये. 'मुलांची वाट' हे नाव कोमल आहे, आणि त्याचे हे कोमलपणच आम्हांस काहीसे खटकते. ती कोणती मुले, त्यांना कोणी नेले, कोणत्या प्रार्थना म्हणत नेले, हे पाटी सांगत नाही. वेगाने जाणाऱ्या प्रवाशाला ते एक सुखद नाव वाटेल. आपल्या दृष्टीने तर धोका अधिकच: बिशपांचे नाव गेले, म्हणजे आपला संबंधही संपला, असे मानणे फार सोपे. वास्तविक तो रस्ता सेंट व्हायटल या उपनगरातून जातो आणि त्या उपनगराचे नाव ग्रँडिन यांच्याच नामसंतावरून पडलेले आहे. इतिहास असा एका पाटीने संपत नाही.

याच शहरातील मानवाधिकार संग्रहालयाकडे असलेली 'साक्षीची घोंगडी' ही कलाकृती म्हणूनच आम्हांस अधिक समर्थ वाटते. तिचे शिल्पकार केअरी न्यूमन यांचे वडील अशाच एका शाळेतून वाचून आलेले. न्यूमन यांनी देशभरातील शाळा, चर्चे व सरकारी इमारतींतून आठशेहून अधिक वस्तू जमविल्या आणि देवदाराच्या चौकटींत घोंगडीच्या वीणीप्रमाणे त्या गुंफल्या. त्यांत एक दार आहे, मुलांच्या वस्तू आहेत, केसांच्या वेण्या आहेत. २०१४ साली पूर्ण झालेल्या या कृतीत काहीच पुसलेले नाही. अपराध्याच्या घरचा तुकडाही पीडिताच्या वस्तूशेजारी ठेवला आहे. २०१९ चा करारही लक्षणीय आहे. संग्रहालय तिचे मालक झाले नाही, राखणदार झाले. आणि तो करार लेखी दस्तऐवजाबरोबरच न्यूमन यांच्या क्वाक्वाकावाक्व लोकांच्या परंपरेनुसार समारंभपूर्वक मौखिक रूपातही झाला.

प्रायश्चित्त संस्काराची आपली शिकवण येथे उपयोगी पडते. पश्चात्ताप, पापनिवेदन आणि भरपाई ही त्याची अंगे आपण लहानपणी पाठ केली. नामांतरात पश्चात्ताप दिसतो. घोंगडीत निवेदन आहे, कारण तेथे गोष्ट नावानिशी आणि वस्तूनिशी सांगितलेली आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २५ जुलै २०२२ रोजी मास्क्वासिस येथे जाऊन मागितलेली क्षमाही याच निवेदनाचा भाग होय. भरपाईचे काय? २००६ च्या तडजोडीनुसार कॅथलिक संस्थांनी अडीच कोटी डॉलर उभारण्याचा प्रयत्न करावयाचा होता. जमले चाळीस लाखांहूनही कमी. २०२१ साली बिशपांनी पाच वर्षांत तीन कोटींचे नवे वचन दिले. ही रक्कम मोठी की लहान, याहून पहिले वचन का मोडले हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

बिशप ग्रँडिन यांच्या त्यागाविषयी मनात आदर बाळगूनही आम्ही म्हणतो की ते नाव उतरले हे योग्यच झाले. आपल्या हातून चांगुलपणाच्या भरात घडलेली हानी पाहण्याची सवय आपल्या साहित्यालाही फारशी नाही. आपल्या मिशनकथांतून धर्मगुरूचे कष्ट सविस्तर येतात. वसतिगृहात आणलेल्या मुलाला रात्री कोणाची आठवण आली, हे क्वचितच येते. ते मूल कोणत्या भाषेत रडले, हे लिहिणारा लेखक आपल्यातून निघाला, तर विनिपेगच्या त्या पाटीचा अर्थ आपल्याला कळला असे आम्ही समजू.